स्लीप अ‍ॅप्नियाचा मास्क बायकांच्या चेहऱ्याला नीट बसवायचा कसा? सातारा-सांगलीकडच्यांसाठी

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत पुन्हापुन्हा श्वास थांबणं. त्यावर रात्री मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, म्हणजे सीपॅप, लावतात. मशीन सुरू केलं की नाकाच्या बाजूने हवा फुसफुसत डोळ्यात जाते, म्हणून पट्टा थोडा आवळला जातो. दुसऱ्या रात्री आणखी थोडा. आठवडाभरात नाकाच्या दांडीवर लाल वळ उठतो आणि मशीन कपाटात जातं. घरचे म्हणतात, "हिला त्याची सवयच होत नाही." बहुतेक वेळा हा सवयीचा प्रश्न नसतोच, मास्क मोठा असतो. आणि मोठा मास्क पट्टा आवळून लहान होत नाही.

बायकांच्या चेहऱ्यात नाकाची रुंदी, नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंतचं अंतर आणि डोक्याचा घेर ही तिन्ही मापं साधारणपणे पुरुषांपेक्षा कमी असतात. दुकानात हाताशी असतो तो बहुधा मिडियम. तो लहान चेहऱ्यावर ठेवला की वरची कड डोळ्यांच्या कोपऱ्यांपर्यंत चढते, खालची कड ओठांवर येते आणि दोन्हीकडून गळती सुरू होते. म्हणून या लेखात जे काही आहे ते एका गोष्टीभोवती फिरतं: पट्टा आवळू नका, माप बदला.

१. आधी कागद जमवा

मास्क घ्यायला निघण्याआधी हे जवळ असू द्या:

- स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेच्या तपासणीचा, संपूर्ण रिपोर्ट, फक्त पहिलं पान नव्हे. त्यात एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला, हा आकडा असतो. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.
- डॉक्टरांची चिठ्ठी. तिच्यावर मशीनचा प्रकार आणि दाब लिहिलेला हवा. दाब 'सेंटिमीटर पाणी' या मापात असतो आणि सीपॅपमध्ये तो ४ ते २० च्या दरम्यान असतो.
- टायट्रेशन, म्हणजे दाब ठरवायची रात्र झाली असेल तर तिचा रिपोर्ट. त्या रात्री कोणता मास्क, कोणत्या साइजचा लावला होता हे टेक्निशियनकडून लिहून घ्या. ही माहिती फार उपयोगी पडते आणि ती कुणी आपणहून देत नाही.
- स्वच्छ आकड्यांची मिलिमीटरची पट्टी, आरसा आणि माप घ्यायला घरातलं कुणीतरी.

रिपोर्टमध्ये आरईएम झोपेतला, म्हणजे स्वप्नं पडतात त्या झोपेतला, एएचआय वेगळा दिला आहे का ते बघा. बायकांमध्ये श्वास थांबण्याचे प्रकार बऱ्याचदा याच झोपेत एकवटलेले असतात, त्यामुळे रात्रभराची सरासरी कमी दिसते आणि "तुमचं फारसं काही नाही" असं ऐकावं लागतं. मोठ्याने घोरणं नसतं, त्याऐवजी सकाळी डोकं जड, दिवसभर थकवा, रात्री वारंवार जाग अशा तक्रारी असतात, आणि त्या रजोनिवृत्तीच्या किंवा थायरॉइडच्या खात्यात टाकल्या जातात. रजोनिवृत्तीनंतर हा आजार वाढतो हेही खरंच, म्हणून दोन्ही तपासायला हवं.

तपासणी छातीचे डॉक्टर किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर लिहून देतात. मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा इथल्या मोठ्या रुग्णालयांत विचारा. डीलर मात्र बऱ्याचदा पुण्याहून किंवा कोल्हापूरहून येतो, तेव्हा पुढची तयारी घरीच केलेली बरी.

साताऱ्याकडे फौजेतल्या माणसांची घरं पुष्कळ आहेत. घरात ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर खरेदीच्या आधी तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये विचारा. आधी विकत घेऊन मग बिल नेलं की मंजुरीचा घोळ होतो. खासगी विमा कंपन्या सीपॅपचे पैसे बहुधा देत नाहीत. तरी लेखी उत्तर मागा.

२. मास्कचा प्रकार ठरवा

नेझल पिलो: दोन मऊ सिलिकॉनच्या बोंड्या नाकपुड्यांच्या तोंडाशी बसतात. नाकाच्या दांडीवर काहीच नसतं. चष्मा लावून वाचता येतं, चेहरा झाकल्यासारखा वाटत नाही. लहान चेहऱ्याच्या बाईने पहिल्यांदा हाच करून पाहावा असं आमचं स्पष्ट मत आहे. दाब खूप जास्त असेल तर नाकपुड्या दुखू शकतात.

नाकाचा मास्क: त्रिकोणी कुशन, म्हणजे मास्कचा चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग, नाकावर बसतं. याचाच एक प्रकार नाकाच्या खालून टेकतो, दांडीला लागत नाही. बसक्या नाकाच्या दांडीवर साधा त्रिकोणी मास्क बऱ्याचदा डोळ्यांकडे गळतो. तिथे हा खालून टेकणारा प्रकार कामी येतो.

फुल फेस मास्क: नाक आणि तोंड दोन्ही झाकतो. तोंड उघडं ठेवूनच झोपणाऱ्यांसाठी, किंवा नाक कायम चोंदलेलं असणाऱ्यांसाठी. यात सिलिकॉनची कड सर्वांत लांब, म्हणून गळतीच्या जागाही सर्वांत जास्त. शिवाय याने हनुवटी मागे दाबली जाते, आणि नाकाच्या मास्कपेक्षा दाब बऱ्याचदा जास्त लागतो. "तोंड उघडतंय? मग फुल फेसच घ्या" असा सल्ला सरसकट मिळतो. आधी नाक का चोंदतंय ते बघा. ॲलर्जी असेल, आतलं हाड वाकडं असेल, तर त्यावर उपचार झाल्यावर तोंड बऱ्याचदा आपोआप मिटतं.

३. घरी माप घ्या

माप रात्री झोपता तशा अवस्थेत घ्यायचं. कवळी काढून झोपत असाल तर कवळी काढूनच. दात नसताना गाल आत जातात, चेहऱ्याची उंची कमी होते, आणि कवळी लावून घेतलेलं माप रात्री निरुपयोगी ठरतं. साठीच्या पुढच्या बायकांच्या बाबतीत ही चूक हमखास होते.

नाकाच्या मास्कसाठी: नाकपुड्यांच्या सर्वांत रुंद भागाची रुंदी, पट्टी टेकवून, पण न दाबता. मग नाकाच्या मुळापासून, म्हणजे दोन डोळ्यांच्या मधल्या खोलगट जागेपासून, नाकाच्या खालपर्यंत.

फुल फेससाठी: त्याच खोलगट जागेपासून खालच्या ओठाच्या खाली जी घळ असते तिथपर्यंत, तोंड किंचित उघडं ठेवून.

पिलोसाठी पट्टीने माप नीट येत नाही. आरशात नाकपुड्या बघा, दोन्ही सारख्या आहेत का, गोल की लांबट. बोंडी नाकपुडीच्या आत घुसायला नको, तिच्या काठाशी टेकून हवा अडली पाहिजे. लहान बोंडी आत घुसते आणि टोचते. म्हणून "दुखतंय" म्हटल्यावर आणखी लहान साइज घेणं हा उलटा उपाय ठरतो.

एका कंपनीचा स्मॉल हा दुसऱ्या कंपनीचा मिडियम असू शकतो. त्यामुळे ज्या मॉडेलचा मास्क घ्यायचा त्याचाच मापाचा कागद कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. आता एक सापळा. तो कागद व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवून झेरॉक्सच्या दुकानात छापला की प्रिंटर तो पानात बसवायला लहान करतो. मूळ पीडीएफ न्या, '१०० टक्के' किंवा 'ॲक्च्युअल साइज' असं सांगून छापा, आणि कागदावरची मोजपट्टी आपल्या पट्टीने तपासा. तिथे ५ सेंटिमीटर लिहिलंय आणि पट्टीवर ४.७ भरतात, तर तो कागद फेकून द्या.

४. चमकी, केस, तेल, कुंकू

परदेशी माहितीपत्रकांत यातलं काहीच नसतं.

चमकी: नाकपुडीवरची चमकी पिलोच्या आणि नाकाच्या कुशनच्या कडेखाली येते. तेवढ्याशा फटीतून रात्रभर शिट्टी वाजते, आणि मागची फिरकी आतून टोचते ते वेगळंच. रात्री काढून ठेवता येत असेल तर उत्तम. भोक बुजेल म्हणून काढायची नसेल तर सोनाराकडून अगदी चपट्या डोक्याची आणि आखूड दांडीची करून घ्या. नाहीतर ज्याची कड चमकीच्या बाहेरून जाते असा त्रिकोणी नाकाचा मास्क निवडा.

केस: अंबाडा किंवा उंच बांधलेले केस असतील तर मागचा पट्टा वर सरकतो, खालची कड सुटते. पट्टा डोक्यामागच्या उंचवट्याच्या खाली, मानेच्या वर बसायला हवा. झोपताना सैल वेणी घालून ती एका खांद्यावरून पुढे घ्या. वेणी पट्ट्यात बनवलेल्या फटीतून ओवली तर पट्टा सरकत नाही. ज्या मास्कची नळी डोक्याच्या वरून निघते त्याची फ्रेम केसांवरूनच जाते. तिथे दाट केसांमुळे फ्रेम वर उचलली जाते. अशा मास्कमध्ये कुशनशिवाय फ्रेमचाही लहान साइज असतो, तो वेगळा मागावा लागतो.

तेल आणि क्रीम: रात्री डोक्याला तेल चोपडण्याची सवय असेल तर ते संध्याकाळी लावा, किंवा न्हाण्याच्या आदल्या रात्रीपुरतं ठेवा. तेलकट त्वचेवर सिलिकॉन घसरतं आणि पट्ट्याची पकड लवकर ढिली होते. व्हॅसलीन, कोल्ड क्रीम हे कड बसते तिथे लावायचं नाही. त्याने सिलिकॉन खराब होतं. साध्या साबणाने तोंड धुवा, कोरडं करा, मग मास्क.

हळद: सांगलीकडच्या घरात हळदीचा हात तोंडाला लागणारच. पांढरं सिलिकॉन एकदा पिवळं झालं की डाग जात नाही. नुसता डाग असेल तर चिंता नाही. पण कुशन कडक झालंय की नुसतं हळदलंय हे बोटाने दाबून बघा, कारण जुनं कुशनही पिवळंच दिसतं.

कपाळाला टेकू असलेल्या मास्कमध्ये टिकली काढून ठेवा. मंगळसूत्र नळीत अडकू नये म्हणून नळी डोक्याच्या वरून, पलंगाच्या डोक्याकडच्या खिळ्याला सुतळीने टांगलेली असू द्या. टॉप्स चालतात, लोंबते झुबे नकोत.

५. खरेदीच्या वेळी

"मशीनसोबत मास्क फुकट" या बोलीत साइज डीलर ठरवतो. त्याला सांगा, मास्क मी निवडीन. बहुतेक मशीनच्या नळीचं तोंड २२ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे एका कंपनीच्या मशीनला दुसऱ्या कंपनीचा मास्क लागतो. प्रवासाची काही छोटी मशीन याला अपवाद आहेत, उदाहरणार्थ रेसमेड कंपनीचं एअरमिनी. मास्क बदलला तर मशीनच्या सेटिंगमध्ये मास्कचा प्रकारही बदलून घ्या.

खोक्यावर 'फॉर हर' लिहिलंय म्हणजे तो तुम्हाला बसेलच असं नाही. रेसमेडच्या पी१० फॉर हर या पिलो मास्कमध्ये बोंड्या अति लहान, लहान आणि मध्यम येतात, साध्या पी१० मध्ये लहान, मध्यम आणि मोठ्या. फरक हा आहे, गुलाबी रंगाचा नाही. नाकाच्या आणि फुल फेस मास्कमध्ये स्मॉल कुशन साध्या खोक्यातही मिळतं. फिशर अँड पायकेलचा ब्रेव्हिडा, फिलिप्सचा ड्रीमवेअर आणि विस्प हेही लहान चेहऱ्यासाठी करून पाहण्यासारखे. एकाच खोक्यात दोन-तीन साइजची कुशन देणारा मास्क मिळत असेल तर तोच घ्या. एकदा वापरलेलं कुशन स्वच्छतेच्या कारणाने कुणी परत घेत नाही, आणि सांगलीहून पुण्याला एका रबरी तुकड्यासाठी चकरा मारणं परवडत नाही.

दोन धोके मात्र नीट समजून घ्या.

पहिला, व्हेंट नसलेला मास्क. रुग्णालयात व्हेंटिलेटरला लावतात त्या मास्कला उच्छ्वास बाहेर टाकणारी छिद्रं नसतात, तिथे ते काम वेगळ्या झडपेने होतं. त्याचा नळी जोडायचा वाकडा तुकडा बऱ्याचदा निळ्या रंगाचा असतो. हा मास्क घरच्या सीपॅपला लावला तर स्वतःचीच सोडलेली हवा पुन्हा आत येत राहते. हे जिवावर बेतू शकतं. मास्क हातात घ्या, पुढच्या भागात किंवा त्या वाकड्या तुकड्यावर बारीक छिद्रांची रांग किंवा जाळी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

दुसरा, चुंबकाच्या क्लिपा. काही मास्कचे खालचे पट्टे चुंबकाने चिकटतात. सांधेदुखीच्या बोटांना ते सोयीचं आहे. पण पेसमेकर, मेंदूतली क्लिप किंवा तसं काही शरीरात बसवलेलं असेल तर हे चुंबक धोक्याचं ठरू शकतं. रुग्णाच्याच नव्हे, तिच्याजवळ झोपणाऱ्याच्याही. तिथे प्लॅस्टिकच्या क्लिपांचा मास्क मागा.

बिल पक्कं घ्या, त्यावर मॉडेल आणि साइज दोन्ही लिहून घ्या. सहा महिन्यांनी नुसतं कुशन मागवताना तेच लागतं.

६. बसवायचा तो आडवं पडूनच

उभं राहून आरशासमोर बसवलेला मास्क उशीवर डोकं टेकल्यावर हलतो, कारण पडल्यावर गालांचा आकार बदलतो.

अ) सगळे पट्टे पूर्ण सैल करा. पाठीवर, नेहमीच्याच उशीवर पडा.
आ) कुशन चेहऱ्यावर हलकं ठेवा, पट्टे डोक्यामागे घ्या. नळी जोडा, मशीन सुरू करा.
इ) हवा सुरू असताना मास्क चेहऱ्यापासून एक-दोन सेंटिमीटर उचला आणि पुन्हा अलगद टेकवा. कुशनला आतबाहेर दोन पदर असतात. आतला पदर हवेने फुगून चेहऱ्याला चिकटतो, हवा तोच अडवतो. पट्टा आवळला की हा पदर चेमटतो आणि गळती वाढते. आवळण्याने गळती वाढते ती यामुळे.
ई) आधी वरचे दोन पट्टे, मग खालचे दोन, डावा-उजवा सारखा. पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे.
उ) डाव्या कुशीवर वळा, उजव्या कुशीवर वळा, दोन-दोन मिनिटं.

ही चाचणी खऱ्या दाबावर घ्या. ऑटो मशीन, म्हणजे गरजेप्रमाणे दाब आपोआप बदलणारं, पलंगावर पडता क्षणी कमी दाबावर, समजा ४ वर, सुरू होतं. त्या दाबाला कसाही मास्क टिकतो. पहाटे तीनला दाब समजा १२ वर जातो तेव्हा तो फाटकासारखा उघडतो. रेसमेडच्या मशीनमध्ये 'मास्क फिट' नावाची सोय आहे, ती थोडा वेळ वाढीव दाब देऊन बसवण तपासते. दुसऱ्या मशीनमध्ये डीलरला हे करून दाखवायला सांगा.

७. पहिले पंधरा दिवस

दिवसा टीव्ही बघताना वीस मिनिटं मास्क लावून बसा. जीव घुसमटतो असं वाटणाऱ्या बायकांना याचा खरंच उपयोग होतो. रात्री 'रॅम्प' सुरू ठेवा, दाब हळूहळू चढतो.

रोज सकाळी मशीनच्या पडद्यावर तीन गोष्टी बघा आणि वहीत मांडा: किती तास, एएचआय किती, गळती किती. उपचाराखाली एएचआय ५ च्या खाली यायला हवा. रेसमेडच्या मशीनमध्ये गळती मिनिटाला २४ लिटरच्या वर गेली की ती जास्त धरतात, आणि पडद्यावर हसऱ्याऐवजी उदास चेहरा दिसतो. एखादी रात्र बिघडली तर बिघडली. सलग चार रात्री गळती वर असेल तर साइज किंवा प्रकार चुकलाय, पट्टा नव्हे.

सकाळी चेहऱ्यावर उठलेली खूण अर्ध्या तासात गेली तर ठीक. दुपारपर्यंत टिकली तर मास्क सैल करा किंवा बदला. कातडी सोलवटली असेल तर तो मास्क बंद, आणि डॉक्टरांना दाखवा. नाकाची दांडी ही हाडावरची पातळ त्वचा आहे, तिथली जखम भरायला वेळ लागतो.

८. काय बिघडतं आणि का

डोळ्यात हवा, सकाळी डोळे लाल: वरची कड उचललेली, म्हणजे कुशन मोठं, किंवा वरचे पट्टे खालच्यांपेक्षा सैल. बसक्या नाकाला खालून टेकणारा प्रकार.

तोंडाला कोरड: तोंडातून हवा निघते आहे. ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनमधली हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी, एक अंक वाढवा, नाक मोकळं करा. मग हनुवटीचा पट्टा. तरीही नाहीच जमलं तर फुल फेस.

पोट फुगणं, ढेकरा: हवा गिळली जाते. दाबाबद्दल डॉक्टरांशी बोला. स्वतः सेटिंगला हात लावू नका.

नळीत पाणी, नाकावर थेंब: साताऱ्यात, विशेषतः महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला, थंडीत हे होतंच. गरम ओल्या हवेतल्या वाफेचं थंड नळीत पाणी होतं. नळीवर जुन्या शालीची पिशवीसारखी खोळ शिवा, मशीन पलंगाच्या पातळीपेक्षा खाली ठेवा.

गालावर पुरळ, घाम: रजोनिवृत्तीच्या वाफांमध्ये कडेखाली घाम साचतो. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा कुशनच्या आकाराचा, मध्ये भोक ठेवून कापा आणि कडेखाली घाला. रोज बदला. व्हेंटची छिद्रं झाकली जाऊ देऊ नका.

नव्याने वाढलेली गळती: वजन पाच-सात किलोने उतरलं, चढलं, दात काढले, गरोदरपणात चेहरा सुजला, तर पुन्हा मापापासून सुरुवात. गरोदरपणात दाबही बदलावा लागू शकतो, डॉक्टरांना कळवा.

वीज गेली तर: नाकाच्या मास्कमध्ये तोंडाने श्वास घेता येतो. फुल फेसमध्ये एक झडप आपोआप उघडून बाहेरची हवा आत घेते, म्हणून ती झडप अडकलेली नाही ना हे धुताना बघा. बाजूला झोपणाऱ्याला मास्क काढता आला पाहिजे, त्याला एकदा शिकवून ठेवा.

९. धुणं आणि बदलणं

कुशन रोज सकाळी कोमट पाण्यात, बाळाच्या किंवा साध्या सौम्य साबणाने. पट्टे आठवड्यातून एकदा. डेटॉल, ब्लीच, सॅनिटायझर नको, सिलिकॉन कडक होतं आणि वास नाकात राहतो. उन्हात वाळवू नका, सावलीत. पाटण-जावळीकडे पावसाळ्यात पट्टे दोन-दोन दिवस ओले राहतात, त्यासाठी पट्ट्यांचा दुसरा जोड असू द्या. फोमचं कुशन असेल तर ते धुवायचं नसतं, नुसतं पुसायचं, आणि ते सिलिकॉनपेक्षा खूप लवकर संपतं.

ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी घाला. बोअरच्या पाण्याने टाकीला पांढरा थर धरतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते पाणी वापरू नका, ते श्वासात जाण्यासाठी बनवलेलं नाही. गळीत हंगामात उसाचं पाचट जळतं आणि कारखान्याची काजळी घरात येते, त्या महिन्यांत मशीनचा फिल्टर दर आठवड्याला बघा.

कुशन कधी बदलायचं ते तारखेवरून ठरवण्यापेक्षा असं ओळखा. धुऊन कोरडं केल्यावर कडेचा पातळ पदर दोन बोटांत धरा आणि सोडा. लगेच मूळ जागी आला तर चांगला. लोळागोळा पडून राहिला, चिकट लागला, किंवा काठावर बारीक चीर दिसली, की नवीन मागवा. आणि त्याच साइजचं मागवण्याआधी एकदा पुन्हा माप घ्या.